रानात ठेवलेला रेकॉर्डर ऊन-पावसात कसा टिकवायचा

पक्ष्या-प्राण्यांचे आवाज आपोआप नोंदवणारा रेकॉर्डर कोणता घ्यायचा, त्याचं वेळापत्रक कसं लावायचं, घड्याळ कसं जुळवायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात काहीही बांधण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी लागते, हेही माहीत असेलच. इथे बोलायचं आहे ते एवढंच, की खान्देशातल्या ऊन-पावसातून ते यंत्र धड परत कसं आणायचं. ऊन मुद्दाम आधी लिहिलं. सगळे पावसाला दोष देतात, पण आपल्याकडे पेटीची वाट आधी ऊन लावतं. पाऊस नंतर फक्त आत शिरतो.

पेटी

वायरिंगच्या दुकानात मिळणारा आयपी-६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा, फिकट करडा जंक्शन बॉक्स घ्या. झाकणाच्या खाचेत रबराची दोरी सलग बसलेली हवी, तुकडे जोडलेली नको. स्टीलचा जेवणाचा डबा नको आणि गडद हिरवा रंग तर मुळीच नको, दोन्ही तव्यासारखे तापतात. पेटी झाकायचीच असेल तर वरून गोणपाटाचा तुकडा बांधा. तो सावलीही देतो आणि झाकणावर पडणाऱ्या थेंबांचा ताशाही थांबवतो.

कान वेगळा, नाक वेगळं

पहिली पेटी मी फार प्रेमाने बनवली होती. सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या, मायक्रोफोनच्या भोकावर पडदा चिकटवला आणि पेटी अर्धा तास बादलीत दगडाखाली बुडवून ठेवली. आतला वर्तमानपत्राचा कपटा कोरडाठाक. मे अखेरीस ती अनेरच्या काठी एका सागाला बांधली. दहा दिवसांनी गेलो तर आत चमचाभर पाणी आणि बॅटरीची टोकं हिरवी पडलेली. कार्डावरची शेवटची नोंद वळवाच्या पहिल्या सरीची होती. गडगडाट, टपटप, आणि पुढे शांतता.

बुडवली तेव्हा कोरडी राहिलेली पेटी पावसात भिजली कशी, हे कळायला मला दोन पावसाळे आणि दोन यंत्रं लागली. कारण साधं आहे. भर उन्हात पेटीतली हवा ६० अंशांपर्यंत सहज जाते, फुगते आणि कुठल्यातरी केसाएवढ्या फटीतून बाहेर पडते. मग वळीव येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पेटी २५ अंशांवर उतरते. आतली हवा आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण हा फरक मीटरभर खोल पाण्याच्या दाबाएवढा आहे. म्हणजे नेमकं पाऊस पडत असताना, झाकणाच्या कडेला थेंब साचलेले असताना, पेटी ते थेंब पेल्यातलं सरबत नळीने ओढावं तसे आत ओढते. माझ्या बादलीत पेटी आणि पाणी दोन्ही घरातल्याच तापमानाचे होते, म्हणून तिथे काही कळलं नाही.

'साहेब, आयपी-६७ घ्या, काळजीच नाही,' असं दुकानदार सांगतो. त्या चाचणीत पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवतात, हे खरं. पण पाणी आणि पेटी यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक असू नये, असं तेच मानक सांगतं. भुसावळचा मे महिना त्यात धरलेला नाही.

तेव्हा माझं ठाम मत सांगतो: पेटी हवाबंद करायचा नाद सोडा. ती श्वास घेणारच. तो कुठून घ्यायचा, हे मात्र तुम्ही ठरवा.

त्यासाठी दोन भोकं लागतात. खालच्या बाजूला, जमिनीकडे तोंड करून, पेटीच्या श्वासाचं भोक, म्हणजे नाक. यासाठी आट्यांचा तयार ब्रीदर मिळतो. सौर दिव्यांच्या पेट्यांना असतो तोच, बारा मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि आतून नट आवळायचा. त्यातल्या पडद्यातून हवा आणि वाफ जाते, थेंब जात नाही. दाब तिथल्या तिथे सारखा होतो आणि झाकणाच्या रबरावर ताण येत नाही.

दुसरं भोक कानाचं, म्हणजे मायक्रोफोनचं. इथे घाई करू नका. पाच-सहा मिलिमीटरचं भोक बाजूच्या भिंतीला पाडा, पण बांधल्यावर ते किंचित खाली झुकलेलं राहील असं. मग जाड ड्रिल हाताने फिरवून भोकाचं बाहेरचं तोंड कपासारखं पसरट करा. ही गोष्ट बहुतेकजण गाळतात. प्लॅस्टिकच्या तीन मिलिमीटर जाडीत सरळ भोक असलं की एकच थेंब त्यात बूच बसल्यासारखा अडकतो. पाऊस थांबून दोन तास झाले तरी रेकॉर्डर कानात बोटं घालून बसलेला. पसरट तोंडात थेंब टिकत नाही.

पडदा आतल्या बाजूने चिकटवायचा. ई-पीटीएफईच्या, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनच्या, गोल चकत्या मिळतात, कडेला गोंद लावलेल्या. त्याच घ्या. मधल्या भागाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की पाणी तिथे धरून बसतं. नळाला गुंडाळायची पांढरी टेप याच जातीची असते म्हणून तीच ताणून लावा, असं सांगणारे भेटतील. त्यांनी ती स्वतः एकदा लावून बघावी. फुगा ताणून लावायचा सल्लाही फिरतो. त्याचं रबर आपल्या उन्हात थोड्या दिवसांत चिकट होऊन तडकतं.

पडदा आणि मायक्रोफोन यांच्यात मिलिमीटरभर मोकळी जागा हवी आणि त्या जागेभोवती मऊ रबराची चकती. ती नसेल तर आवाज आधी पेटीत घुमतो आणि मग मायक्रोफोनला मिळतो. सगळे पक्षी डब्यात तोंड घालून ओरडल्यासारखे ऐकू येतात. चकती बसवली की कान पेटीच्या हवेपासून तुटतो, म्हणूनच नाक वेगळं लागतं. एकाच भोकावर दोन्ही कामं टाकलीत तर उन्हात तो पडदा फुगतो, पावसात आत खेचला जातो आणि दुपारचा नि पहाटेचा आवाज वेगवेगळा येतो.

चिकटवण्याबद्दल दोन गोष्टी. गरम गोंदाची बंदूक घरी मुलांच्या प्रकल्पासाठी ठेवा, तो गोंद मे महिन्यात मऊ पडून सुटतो. आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो ते पेटीत वापरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं आणि ते तांब्याला खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं मागा आणि यंत्र आत ठेवण्याआधी पेटी निदान एक दिवस उघडी वाळू द्या.

पिशवीचंही सांगून टाकतो, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. यंत्र झिपच्या पिशवीत घालून टांगलं तर वारा सुटताच रात्रभर चुरचुर नोंदवली जाते आणि सकाळी आतून घाम सुटतो. घुबडांच्या खालच्या पट्टीतल्या हाका प्लॅस्टिकमधूनही बऱ्या येतात, म्हणून काहींना पिशवी चालते असं वाटतं. रातकिडे आणि वटवाघळं मात्र त्यात बुडतात. रावेरकडच्या एका मित्राने तर केळीच्या घडाला घालतात ती स्कर्टिंग बॅग पेटीवर चढवली होती. पाऊस पडेपर्यंत ठीक होतं. नंतर ती ओलं धोतर झाडावर वाळत घातल्यासारखी फडफडत राहिली, आणि जाणारा-येणारा विचारायचा, घड कुठाय?

आत कोंडलेली हवा

पेटी कोरड्या हवेत बंद करा. जुलैच्या संध्याकाळी ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा आत कोंडलीत तर तापमान २६ अंशांवर आलं की ती आतल्या भिंतींवर पाणी सोडते. पहाटे यावल अभयारण्यातल्या पालच्या जंगलात तेवढा गारवा रोजचाच. म्हणून मी घरून, एसी असलेल्या खोलीतून पेटी बंद करून नेतो. जंगलात झाकण उघडून 'जरा सेटिंग बघू' हा मोह टाळा.

सिलिका जेलची दहा ग्रॅमची पुडी आत टाका, पण तिच्या भरवशावर राहू नका. नाकातून वाफ येत-जात राहते आणि पुडी भरते. दर फेरीला बदला. जुनी पुडी कढईत भाजू नका, कापड जळतं. दाणे बाहेर काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवा, आणि तो ओव्हन स्वयंपाकाचा नको.

उन्हातली परीक्षा

यंत्र न ठेवता, आत वर्तमानपत्राचे कपटे घालून पेटी दुपारी एक ते चार गच्चीवर ठेवा. मग माठातलं गार पाणी झाकणाच्या कडांवरून दहा मिनिटं ओता. पुसा, उघडा. कपटा ओला असेल तर नाक चुकलंय किंवा रबर. हे तीनदा करा. बादलीची परीक्षा विसरा.

बांधणं

सागाला बांधू नका, ही माझी जुनी चूक. उन्हाळ्यात त्याला पान नसतं. आंबा, जांभूळ, वड बघा. 'उत्तरेच्या अंगाला बांधा, तिथे सावली' हा सल्ला वर्षभर बरोबर आहे आणि नेमका नको तेव्हा चुकतो. आपण २१ अक्षांशाच्या आसपास आहोत, त्यामुळे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत भरवसा फक्त पानांचा.

पेटी खोडाला टेकवू नका, मागे दोन बोटं जाडीची लाकडी ठोकळी ठेवा. जोराच्या पावसात खोडावरून पाण्याचा ओहोळ उतरतो. पेटीच्या हातभर वर एक दोरी खोडाला आवळून तिचं टोक बाजूला लोंबकळत सोडलं की बरंचसं पाणी त्या टोकावरून ठिबकून जातं. खिळा ठोकायचा नाही, पट्टा बांधायचा. पेटीवर लावलेलं छोटं छप्पर कानाच्या इतकं पुढे असू द्या की पागोळी दूर पडेल.

कुंभारीण माशीला तुमचं पसरट भोक फार आवडतं. एका खेपेला माझ्याकडे आठवडाभराची शांतता नोंदवली गेली, कारण तिने कानात मातीचं घर बांधलं होतं. बाहेरून स्टीलची बारीक जाळी लावा, पडद्यापासून सुटी. मुंग्यांसाठी पट्ट्याला आणि ठोकळीला ग्रीस.

पेटीवर मराठीत लिहा: 'पक्ष्यांचे आवाज नोंदवणारं यंत्र. कॅमेरा नाही.' खाली फोन नंबर. गुरं चारणारे 'भाऊ, हाई काय शे?' म्हणून विचारतातच, त्यांना एकदा हेडफोन लावून ऐकवा. यंत्रात माणसांचं बोलणंही येतं, तेही सांगा. मग पेटीवर लक्ष तेच ठेवतात.

तोरणमाळ-शहाद्याच्या बाजूला जाणार असाल तर वेळापत्रक फक्त रात्रीचं लावू नका. १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला न सापडलेला रानपिंगळा हा छोटा घुबड १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच पुन्हा दिसला, आणि तो दिवसाही बोलतो. म्हणजे पेटी दिवसा, ऐन उन्हातही जागी राहणार. अल्कलाइन सेल अशा तापात गळतात, लिथियमचे घाला.

परत आणताना पेटी बाहेरून पुसा, पिशवीत घाला आणि घरी आल्यावर तासभर तशीच ठेवून मग उघडा. पावसात झाकण उघडून कार्ड काढायला गेलात तर महिनाभर बाहेर ठेवलेला थेंब कपाळावरून थेट आत पडतो. माझ्या टोपीवरून पडला होता.