दुसऱ्याचा मजकूर हातात घेताना

पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच शब्द लिहिते : ‘दुसऱ्या’. मग मुलांना तो आपापल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर टाइप करून एका सामायिक फाइलमध्ये टाकायला सांगते. काहींचा रफार थेट ‘या’च्या डोक्यावर चढतो, ते सगळ्यांना लगेच दिसतं. बाकीचे शब्द अगदी सारखे दिसतात. मग ती फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडायची आणि तोच शब्द शोधायचा. अर्धेच सापडतात. वर्ग एकदम गप्प होतो. डोळ्यांना जे एक दिसतं, ते संगणकाला दोन दिसतं, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलेलं असतं.

कारण साधं आहे. काही कीबोर्ड हा अर्धा र ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून तयार करतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. छापून आलं तर फरक कळत नाही. पण पडद्यावरचं लेखन शोधायचं असतं, वाचून दाखवायचं असतं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं असतं, आणि तिथे हा फरक नडतो. ‘दुःख’मधला विसर्ग विरामचिन्हांतला अपूर्णविराम वापरून टाइप करणं किंवा ‘ॲप’मधला ‘ॲ’ कधी एका अक्षराचा, तर कधी ‘अ’वर चंद्र देऊन दोन अक्षरांचा करणं, ही याच घरातली भावंडं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात तो दोन तुकड्यांत सापडतो.

हा तास मी पहिल्या वर्षी घेतला नव्हता. पुण्यातल्या एका प्रकाशनात मुद्रितशोधन, मग संपादन, मग ई-पुस्तकं असं सात वर्षं काम केल्यावर एका लिबरल आर्ट्स महाविद्यालयाने ‘डिजिटल लेखन आणि प्रकाशन’ हा विषय मराठीतून शिकवाल का असं विचारलं, आणि मी हो म्हटलं. माझ्यासारखे आणखी काही जण आता या वाटेने येताहेत. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी नोकरीचं सांगते, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. कायमस्वरूपी सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं. मराठीत किंवा पत्रकारितेत नेट असेल तर दार उघडतं, पण बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावरच होते : शिकवाल तितक्या तासांचं मानधन, सुट्टीत काही नाही. पंधरा वर्षांचा भक्कम अनुभव असणाऱ्यांसाठी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली खुला केला. त्यात पदवीची अट नाही, मात्र अशा जागा थोड्या असतात. तासिकांवर येणार असाल तर दुसरं उत्पन्न चालू ठेवा. मी आजही दोन प्रकाशकांसाठी मुद्रितं तपासते.

अभ्यासक्रम मंजूर होण्याआधी एक गोष्ट मात्र आग्रहाने मागून घ्या. एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. माझा विषय दोन श्रेयांकांचा आणि दोन्ही व्याख्यानाचे होते. तीस तासांत मुलांना लिहायचं कधी, एकमेकांचं वाचायचं कधी? दुसऱ्या वर्षी अभ्यास मंडळापुढे जाऊन मी एक श्रेयांक प्रात्यक्षिकाचा करून घेतला. तास पंचेचाळीस झाले आणि विषय बदलून गेला.

पहिल्या वर्षी मी सॉफ्टवेअर शिकवलं. प्रकाशनात जे रोज वापरायचे, तेच. प्रयोगशाळेत त्याचे परवाने मोजकेच होते, मुलं पाळीपाळीने बसायची, आणि सत्राच्या शेवटी त्यांना पानं लावता येत होती, पण त्या पानांवरचा मजकूर कच्चाच होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. हातात आयतं यंत्र देऊन मी त्यांना मजकुरापासून लांब नेलं होतं. आता साधा एडिटर, सामायिक दस्तऐवज आणि ई-पुस्तक बनवायची सिजिल किंवा कॅलिबर यांसारखी मोफत साधनं, एवढ्यावर सगळं सत्र चालतं. अर्ध्या मुलांकडे फक्त फोन असतो, हे गृहीत धरूनच कामं आखते.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या कामाला देते, ते म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणं. प्रत्येकाने घरातून, गावातून एक जुनी संगणकावरची फाइल आणायची. काय काय येतं! सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका, भजनी मंडळाची वही, वडिलांनी एकदा टाइप करून घेतलेला एकांकिकेचा मसुदा. बहुतेक फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधल्या असतात. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं अक्षरजुळणी अशाच फॉन्टमध्ये झाली, तेव्हा आपल्या जवळच्या काळातलं केवढं लेखन अशा कुलूपबंद फाइलींत पडलं असेल!

जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम, म्हणजे रूपांतरक, सगळं काम करत नाही, आणि तो नेमका कुठे चुकतो हे समजून घेण्यात खरं शिक्षण आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उलटं आहे : आपण उच्चारतो तो क्रम. आधी क, मग इकार; ‘सूर्य’मध्ये आधी र, मग य. रूपांतरात या दोन क्रमांची अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर आलं की गाडी घसरते. ‘स्थिती’, ‘निर्मिती’, ‘धर्मिष्ठ’ असे शब्द पाहावेत. मुलांनी मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासायची, मोठ्याने वाचत, जोडीने. एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो. छापखान्यात पूर्वी मुद्रितं अशीच वाचली जायची.

प्रमाणलेखनाचे नियमही याच टप्प्यावर येतात. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम. ते व्याख्यान देऊन शिकवायच्या भानगडीत पडू नका. आपल्याच आजोबांच्या स्मरणिकेत ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ सापडलं की मुलं स्वतः विचारतात, हे अनुस्वार गेले कुठे? आणि पुढचा प्रश्न लगेच येतो : आपण ते काढायचे की ठेवायचे? याच्यावर वर्गात एक अख्खा तास जातो आणि तो जाऊ द्यावा. जुन्या लेखकाचं लेखन जसंच्या तसं ठेवायचं आणि आजच्या वाचकासाठी वेगळी आवृत्ती काढायची असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, असं माझं मत आहे. ते मी मांडते, पण लादत नाही.

दुसऱ्या वर्षातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. यवतमाळकडची एक मुलगी होती. तिने आजीवर एक लेख लिहिला होता, त्यात आजी वऱ्हाडीत बोलते : ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’. संपादनासाठी तो लेख ज्या मुलाकडे गेला, त्याने मन लावून काम केलं आणि सगळं ‘मला’, ‘तुला’, ‘कशाला’ करून परत दिलं. त्याला वाटत होतं त्याने चुका काढल्या. ती मुलगी तासाला काही बोलली नाही. नंतर खोलीवर येऊन म्हणाली, “मॅडम, ‘मले’चं ‘मला’ केलं की ते माझ्या आजीचं वाक्य राहत नाही.”

चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. मी त्यांना दुरुस्त करायला शिकवलं होतं, विचारायला शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून वर्गात एक नियम आहे. केलेला प्रत्येक बदल नोंदवायचा, शेजारी कारण लिहायचं, आणि लेखकाने होकार दिल्याशिवाय तो पक्का करायचा नाही. निवेदनाची भाषा आणि पात्राची भाषा वेगवेगळी पाहायची. संपादकाला जी बोली येत नाही, तिथे लेखकाशी बसून बोलायचं. वर्गात अहिराणी येते, मालवणी येते, मराठवाड्याची मराठी येते. गुण देताना मी अंतिम लेखाइतकंच वजन या बदलांच्या नोंदीला देते, आणि कोण चांगला संपादक होणार हे मला त्या नोंदींवरून आधी कळतं.

सत्राचा मुख्य प्रकल्प म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा मराठीत रुजली, आणि पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात ती अगदी चपखल बसते. मुलांना अंक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, घरात पाहिलेला असतो. संपादक, मुद्रितशोधक, मुखपृष्ठ, परवानग्या, तांत्रिक बाजू अशी कामं वाटून दिली की प्रत्येकाला आपली जागा सापडते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते, म्हणून तारीख जूनमध्येच पाहून ठेवा आणि मजकूर स्वीकारणं दिवाळीच्या सहा आठवडे आधी थांबवा. मी एकदा चारच ठेवले होते आणि मुलांनी रात्री जागून काम केलं. तसं त्यांच्याकडून करून घेणं बरोबर नव्हतं.

अंक ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात निघतो. ईपब फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं असतं. ते सोडलं की आत वेबपानांसारखीच पानं, शैलीची फाइल, चित्रं आणि क्रम सांगणारी यादी दिसते. मुलांना ते सोडून दाखवा, भीती जाते. तिथेच भाषेची खूण मराठी अशी द्यायला शिकवा. ती नसली तर अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिले आहेत, पण एक खूण विसरल्यामुळे ते पडद्यावर येत नाहीत. फॉन्ट पुस्तकात घालायचा तर त्याचा परवाना पाहायचा. मुक्तासारखे खुल्या परवान्याचे सुरेख देवनागरी फॉन्ट उपलब्ध असताना कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेला फॉन्ट वापरायची काहीच गरज नाही.

परवानगीचं तेच. आवडलेली कविता, इंटरनेटवर दिसलेला फोटो, सगळं आपलंच असं मुलांना वाटतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि तो मोजायचा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीला मुक्त झालं. मात्र त्याचा अलीकडे कुणी केलेला अनुवाद मुक्त नसतो. एवढं एक उदाहरण फळ्यावर सोडवलं की बाकीची गणितं मुलं स्वतः करतात. हयात लेखकाकडून लेखी होकार घ्यायचा, ईमेलवर घेतला तरी चालतो, आणि तो जपून ठेवायचा.

एका वर्षी वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी होता. तो एनव्हीडीए या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर ऐकून वाचायचा. कवितांची सुंदर सजवलेली चित्रं मुलांनी अंकात घातली होती. त्याच्या कानांना तिथे फक्त ‘चित्र’ एवढंच ऐकू येत होतं. त्या दिवशी वर्गाने स्वतःहून सगळ्या कविता पुन्हा टाइप केल्या आणि प्रत्येक चित्राखाली वर्णन लिहिलं. मी काहीही सांगितलं नव्हतं.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून आणलेल्या लेखांबद्दल नवे शिक्षक फार विचारतात. मी पकडापकडी करत नाही. लेखाचा विषय असा देते की कुणाला तरी भेटल्याशिवाय तो लिहिताच येऊ नये : पेठेतला बाइंडिंगवाला, वसतिगृहाच्या खानावळीतल्या मावशी, गावचा वर्तमानपत्र टाकणारा. टिपणवही सोबत जमा करायची आणि लेखावर दहा मिनिटं माझ्याशी बोलायचं. टिपणवहीत घाम दिसतो.

शेवटचं, जतनाचं. पहिल्या वर्षीचा अंक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर होता. संकेतस्थळ नवं झालं आणि अंक गेला. माझ्याकडेही प्रत नव्हती, कारण ती ठेवायची हे मला सुचलंच नव्हतं. आता अंक निघतो त्याच दिवशी ईपबची एक प्रत ग्रंथालयात जाते, एक इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर, आणि प्रत्येक विद्यार्थी एक घरी नेतो. मागच्या जुलैत पहिल्या तुकडीतल्या एका मुलीला जुन्या ईमेलमध्ये तो हरवलेला अंक सापडला. तिने लगेच पाठवला. त्यात अर्धे र दोन्ही प्रकारचे आहेत, विसर्गांच्या जागी अपूर्णविराम आहेत, दोन चित्रांचे हक्क कुणाचे ते कळत नाही. या वर्षीच्या मुलांनी तो प्रात्यक्षिकासाठी मागून घेतला आहे आणि जुन्या लेखकांना एकेक करून फोन करायला सुरुवात केली आहे.