जबाब द्यायला बोलावलंय? जायच्या आधी एवढं वाचा

पोलीस स्टेशनमधून "जरा जबाबाला येऊन जा" असा फोन आला की आपल्याकडे निम्म्या घरात बीपीची गोळी शोधतात. मीपण घाबरलो होतो. शेजारच्या काकूंची चेन खेचली तेव्हा मी दहा फुटांवर होतो, गाडीवर मागे बसलेल्या चोर पोराचा पिवळा शर्ट मला स्पष्ट दिसला आणि मी तो जबाबात सांगितला पण. हवालदार साहेब लिहीत होते, मी बोलत होतो, शेवटी "वाचून बघा" म्हणाले आणि मी घाईत "ठीक आहे" म्हणून निघालो. चार वर्षांनी कोर्टात आरोपीचा वकील विचारतो, पिवळा शर्ट तुमच्या जबाबात नाही, कारण काय? आणि माझ्या तोंडून तेच ठरलेलं वाक्य निघालं, "मी सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही." वकिली भाषेत याला ओमिशन म्हणतात आणि अशी दोन-चार सापडली की साक्षीदार गेला कामातून.

तर आधी बेसिक. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, लोक बीएनएसएस म्हणतात. त्यात कलम १७९ आहे, साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी नोटीस काढायची. प्रत्यक्षात फोनच येतो, आणि साधी केस असेल तर उगाच कायदा काढून भांडू नका, जाऊन या. पण बाई असेल, १५ च्या आतला मुलगा असेल, ६० च्या वरचे आजोबा, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस असेल तर त्यांना ठाण्यात या अशी सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा. स्वतःहून जायचं असेल तर जाता येतं. हे फोनवर शांतपणे सांगा, "साहेब, आई ६८ वर्षांची आहे, तुम्ही घरी या". बहुतेक वेळा येतात.

आता फिर्याद आणि जबाब यात लोक गोंधळ घालतात. फिर्याद म्हणजे एफआयआर, त्यावर फिर्यादीची सही लागते आणि कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. नंतर तपासात साक्षीदारांचे जे जबाब होतात ते कलम १८० खालचे, त्यावर सही घ्यायची नसते (कलम १८१). तरीपण कोणी सही घेतलीच तर जबाब रद्द होतो असं काही नाही, टेन्शन घेऊ नका. हद्दीचा वाद घालून परत पाठवायला लागले तर झिरो एफआयआर म्हणा, कुठल्याही ठाण्यात घेता येतो, मग ते तिकडे वर्ग करतात.

जबाब घेणारे बहुतेक वेळा पीएसआय किंवा हवालदार असतात. चांगला अंमलदार आधी तुम्हाला सलग बोलू देतो आणि मग मागे जाऊन एकेक खोदून विचारतो, किती वाजता, उजेड कुठला होता, तुम्ही किती लांब उभे होतात. घाईतला अंमलदार स्वतःच वाक्य तयार करतो आणि "असंच ना?" विचारतो. तिथे मान हलवू नका. बघितलं ते आणि ऐकलं ते वेगळं सांगा, आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही "एक पोरगा आला" म्हणता आणि कागदावर "एक अनोळखी इसम" उमटतो, ते ठाण्याचं मराठी आहे, त्यावर हुज्जत नको. पण तुम्ही ओळखता त्या माणसाला अनोळखी लिहिलं असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबवा.

गुन्ह्याप्रमाणे प्रश्न बदलतात. घरफोडीत सगळा भर वस्तूंवर असतो, दागिन्याचं वजन, पावती, मोबाईलचा आयएमईआय, घर शेवटचं कधी बंद केलं. यादी घरूनच करून न्या, कारण तिथे बसून आठवायला लागलात की बांगड्या राहतात आणि दोन दिवसांनी पुरवणी जबाबासाठी परत चक्कर. चेन स्नॅचिंग, मारामारी यात वर्णन महत्त्वाचं, आणि पुढे ओळख परेड (रांगेत उभ्या माणसांतून आरोपी ओळखायचा) होऊ शकते. त्यामुळे पकडलेल्याचा फोटो कोणी व्हॉट्सॲपवर पाठवून "हाच का?" विचारलं तर परेडची किंमत संपली असं समजा. मार लागला असेल तर पोलिसांकडून मेडिकलची यादी (म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पत्र) घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, जखम सुकल्यावर जबाब कितीही जोरदार दिला तरी कागद कमी पडतो.

ऑनलाइन फसवणुकीत जबाबाच्या आधी १९३० ला फोन, पैसे पुढे सरकायच्या आत. मग ठाण्यात बँक स्टेटमेंट, यूटीआर नंबर (बँकेचा त्या व्यवहाराचा नंबर), चॅट. लाज वाटून चॅट डिलीट करणारे खूप असतात, ती चूक करू नका. ओटीपी स्वतः दिला असेल तर तसंच सांगा, ते लपवलं तर बाकीच्या गोष्टीपण खोट्या वाटायला लागतात.

अपघातात जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर.

लैंगिक गुन्ह्यात मात्र नियम फार वेगळे आहेत आणि नातेवाइकांनी ते पाठ करून जायला हवेत. जबाब महिला अधिकारीच घेणार. बलात्काराच्या केसमध्ये पीडितेच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्य तिथे महिला पोलीस अधिकारीच, आणि आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा सामाजिक कार्यकर्ती सोबत. "काय कपडे घातले होते", "एवढ्या रात्री कशाला गेलीस" असं हिणवून विचारलं तर सोबत असलेल्याने मध्ये बोलावं आणि अधिकारी बदलून मागावा. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर बीएनएसएसच्या कलम १८३ खाली वेगळा जबाब होतो, तिथे शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट, आणि त्या नसतील तर बाई हजर लागते. लहान मुलाचं प्रकरण असेल तर पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) अधिकारी गणवेशात नको, मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे तो माणूस शेजारी हवा, आरोपी समोर येता कामा नये, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. मुलाला घरी पढवू नका प्लीज. मोठ्यांचे शब्द मुलाच्या तोंडी आले की लगेच कळतं आणि केस तिथेच पांगळी होते.

भाजलेल्या माणसाचा मृत्यूपूर्व जबाब तर अजून नाजूक असतो. त्यात पेशंट बोलायच्या स्थितीत आहे असा डॉक्टरांचा शेरा बघतात, आणि घरच्यांनी पलंगाजवळ उभं राहून शब्द सुचवले तर पुढे त्याच्यावरच सगळा वाद होतो. बाहेर थांबा.

शेवटी वाचायचं काम. टाइप केलेला जबाब पूर्ण वाचा, चष्मा विसरला असाल तर वाचून दाखवा म्हणा, नाव, तारीख, वेळ, अंतर, रंग, नंबर बघा. राहिलं असेल तर उठायच्या आधी घालून घ्या, घरी आल्यावर आठवलं तर तपासी अंमलदाराला फोन करून पुरवणी जबाब द्यायचाय म्हणा, तो घेता येतो. आणि त्याच रात्री स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, कोणाला काय सांगितलं, अधिकाऱ्याचं नाव, बक्कल नंबर, तारीख. वही कोर्टात दाखवायला नाही, तुमच्यासाठी आहे, कारण समन्स येईपर्यंत काकूंची नवीन चेनपण जुनी झालेली असते.