इंदुरात बसून आयईटीएफची बैठक: तयारीची यादी

आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी संस्था; तिच्या बैठकीला इथल्या हॉलमधून ऑनलाइन बसायचं, त्याची ही यादी. हॉल, प्रोजेक्टर, पाणी, पोहे हे कोणीही सांभाळतं. त्यावर शाई घालवत नाही. (पोह्यांवरचा जिरावन मसाला मात्र भरपूर आणा, नाहीतर तक्रारी त्याच्याच होतात.) मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: जितकी डोकी, तितक्या नोंदण्या. एका लॅपटॉपवरून मोठ्या पडद्यावर सत्र लावलं आणि हॉलभर पोरं बसवली, तर आयईटीएफच्या दप्तरी इंदुरातून एकच माणूस आला. मागच्या खेपेला आमचं नेमकं तेच झालं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीला आयपीव्ही6 च्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या, एका मसुद्यात एक खरी अडचण दिसली होती. बोलणाऱ्यांच्या रांगेत नाव माझं, माईकही माझा. तिने माझ्या लॅपटॉपवर वाकून प्रश्न विचारला आणि इतिवृत्तात तो माझ्या नावावर चढला. ती इतिवृत्तं जाहीर असतात, कोणीही कधीही उघडून बघतं. तिने उद्या काय दाखवायचं?

आणि हे फक्त नावापुरतं नाही. आयईटीएफला सभासदत्व नसतं, त्यामुळे हजेरी हाच हक्क. तिथली नेतेमंडळी निवडणाऱ्या समितीत, म्हणजे नॉमकॉममध्ये, मत असणारे 10 जण स्वयंसेवकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात. स्वयंसेवक व्हायची एक वाट 2023 च्या आरएफसी 9389 मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे क्रमांक घालून छापलेले दस्तऐवज) दिली आहे: गेल्या 5 बैठकांपैकी 3 ना हजेरी. ऑनलाइन हजेरीही चालते, पण नोंदणी करून स्वतःच्या नावाने निदान एका सत्रात लॉगिन केलेलं असलं पाहिजे. आपल्या भागातलं तिथे कोणी नाही म्हणून गळा काढायचा आणि हजेरी एकाच्याच नावावर लावायची, याला काय म्हणावं! सत्रात हात वर करून कौल घेतात, तोही लॉगिनवरच. पडद्यासमोर वर गेलेले हात तिकडे कोणाला दिसत नाहीत.

तर नोंदणी. प्रत्येकाने आधी डेटाट्रॅकरवर, म्हणजे आयईटीएफच्या मसुदे-बैठकांच्या संकेतस्थळावर, खातं उघडायचं, ते फुकट आहे. मग बैठकीची ऑनलाइन नोंदणी. शुल्क परवडत नसेल तर शुल्कमाफीचा अर्ज करता येतो, संकोच नको. हे सगळं आठवडाभर आधी, एकत्र बसून करा. दारात उभं राहून करायला लावलंत तर कोणाचा मेल स्पॅममध्ये, कोणाला पासवर्ड आठवत नाही, आणि शेवटी सगळे म्हणतात, "सर, तुमच्याच लॅपटॉपवर बघतो ना." नाही म्हणा. ठाम नाही म्हणा.

वेळ नीट बघा. मध्य युरोपात उन्हाळी वेळ असताना साडेनऊचं सत्र आपल्याकडे दुपारी 1 ला येतं, ठीक. नोव्हेंबरात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बैठक असली तर तेच साडेनऊ आपल्याकडे रात्रीचे 11. तेव्हा कॉलेजला कुलूप आणि सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार मात्र फुल्ल. हॉल मागताना ही वेळ अर्जात लिहा, "सायंकाळी" असं मोघम नको. मार्चमध्ये अमेरिका घड्याळं आधी पुढे करते, युरोप महिन्याच्या शेवटी. तेव्हा मागच्या वर्षीचं वेळापत्रक कॉपी करू नका.

आयईटीएफचं काम एकेका विषयाच्या कार्यगटांत चालतं; सगळेच बघायला जाऊ नका. एक निवडा, त्याचा एकच मसुदा घ्या आणि आदल्या रविवारी मराठी-हिंदीत, जसं जमेल तसं, वाचून काढा. त्या गटाच्या मेलिंग लिस्टवर नावं घाला, कारण शेवटचा निर्णय तिथे होतो, सत्रात नाही. नवे मसुदे घेणं बैठकीच्या दोन आठवडे आधीपासून बंद होतं, त्यामुळे वाचायला वेळ नव्हता हे कारण चालणार नाही. पेटंटबद्दलची 'नोट वेल' सूचना नोकरी करणाऱ्यांनी जरूर वाचावी, पोरांनीही वाचावी.

कॉलेजचं वायफाय आदल्या दिवशी तपासा. फायरवॉल व्हिडिओ अडवतं. मोबाइलचे दोन-तीन हॉटस्पॉट हाताशी असू द्या. मोठ्या पडद्याचा आवाज चालू असेल तर बाकीच्यांनी आवाज बंद करून लॉगिन करायचं, आणि बोलणाऱ्याने हेडफोन लावायचा, नाहीतर घुमतं. आवाज बंद म्हणजे लॉगिन बंद नव्हे. लॉगिन प्रत्येकाचं, हे परत सांगतो.

सत्र संपल्यावर पोरं पांगतात. त्याआधी हजेरीच्या यादीत आपापलं नाव दिसतं का ते बघायला लावा. इतिवृत्तात चूक असेल तर लगेच कळवा. मसुद्यावरचं मत दोन ओळींत लिस्टवर टाका, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. स्वतःचा मसुदा लिहिलात तर तो 6 महिन्यांत मुदतबाह्य होतो, तारीख लिहून ठेवा. हॉलची किल्ली परत. पुढच्या बैठकीची नोंदणी त्याच रात्री, प्रत्येकाची वेगळी.