माऊस हालंना? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

परभणीत कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची देखभाल बघतो. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडं लॅब असिस्टंट म्हणून नव्यानं लागलेल्या पोरांचे फोन येतात, "सर, उबुंटूत माऊस हालंना, फॉरमॅट मारू का?" मारू नका. माऊससाठी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकायची वेळ जवळपास येतच नाही.

आधी माऊस कुठं अडकलाय ते शोधा: वायरीत, कर्नलमध्ये (सिस्टीमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा) का डेस्कटॉपवर. कंट्रोल-आल्ट-टी दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. तेही उघडलं नाही तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, जा. तिथं कर्नलचे संदेश दाखवणारी 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' ही कमांड चालू ठेवा आणि माऊसची पिन काढून परत लावा. काढताना 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि लावताना 'न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस' किंवा 'फुल-स्पीड' अशा ओळी उमटल्या पाहिजेत. काहीच उमटलं नाही तर उबुंटूला शिव्या देऊन उपयोग नाही. 'एरर -७१' आला तर दोष बहुतेक वायरीत नाहीतर पोर्टात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची आतली वायर सैल झालेली असते, म्हणून मी सरळ मागच्या पोर्टात लावून बघतो. जुन्या मशीनवरचा गोल पिनचा पीएस/२ माऊस मात्र चालू मशीनला काढू-लावू नका. आधी शटडाऊन करा.

ओळी नीट आल्या तरी बाण हलत नसेल तर 'लिबइनपुट-टूल्स' पॅकेज टाका आणि 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा. माऊस हलवला की 'पॉइंटर मोशन'च्या ओळी धावल्या, म्हणजे माऊस ठणठणीत आहे, गडबड डेस्कटॉपची. लॉगआउट करून परत या. जुन्या व्हिडिओत 'एक्सइनपुट' वापरायला सांगतात, पण वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, ते खरे डिव्हाइस दाखवतच नाही. नव्या उबुंटूत मुळातच वेलँड असतं.

थोडा वेळ हात लावला नाही की माऊस झोपतो, मग क्लिक केलं की जागा होतो? कुणीतरी वीज वाचवायला पॉवरटॉप या टूलचा ऑटो-ट्यून मारलेला असतो. सिस्-एफएसमध्ये, म्हणजे कर्नल डिव्हाइसच्या सेटिंग जिथं फाइली म्हणून दाखवतो तिथं, त्या डिव्हाइसच्या 'पॉवर/कंट्रोल' फाइलीत 'ऑटो'च्या जागी 'ऑन' लिहा. ऑन म्हणजे झोपू नकोस.

वायरलेस माऊस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पेनड्राइव्हपासून लांब लावा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो. साधी एक्स्टेन्शन वायर पुरते. आणि चकचकीत सनमायकाच्या टेबलावर बाण उड्या मारत असेल तर खाली वहीचा पुठ्ठा ठेवा, त्याला कुठलीच कमांड लागत नाही.

मुलाखतीला जाणार असाल तर घरी चांगला चाललेला माऊस काढून-लावून डीमेसेजच्या ओळी आधी बघून ठेवा. बिघाडाची ओळ ओळखायला चांगली ओळ डोळ्यात बसलेली असावी लागते.