चिखलात रुतलेली मोटरहोम बाहेर काढताना

मोटरहोमचं, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचं, चाक जागच्या जागी फिरू लागलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढा. रेस देत राहिलात तर टायर खोल जातो, आणि एकदा गाडीचं पोट चिखलाला टेकलं की तीन-साडेतीन टनांचं हे धूड धक्का मारून हलत नाही.

सगळ्यांना खाली उतरवा. पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करा, १०० लिटर म्हणजे १०० किलो. पण पाइप लावून, चाकांपासून लांब. मग ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांच्या, गाडी न्यायची त्या बाजूचा चिखल फावड्याने उतार करून काढा आणि ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणारी खडबडीत फळी) टायरखाली घट्ट सारा. नुसता समोर ठेवलेला बोर्ड टायर पुढे ढकलत नेतो. हवा पाव हिश्श्याने कमी केली तर पकड वाढते. डांबरी रस्त्यावर वेगाने जाण्याआधी ती पुन्हा भराच.

शक्यतो आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. पुढेच जायचं असेल तर दुसरा गिअर, हलका क्लच. बोर्ड सुटून उडू शकतो, म्हणून चाकांच्या रेषेत कोणीही उभं राहू नये.

ओढून काढायची वेळ आली तर दोर टोइंगच्या हुकालाच बांधा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही: तो तुटला तर गोळीसारखा सुटतो.