जुनं इंग्रजी गाणं नव्यानं बसवायचं तर

ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याला पहिल्या दिवसापासून एकच मंत्र देतात: हुबेहूब. रेकॉर्डवर व्हायोलिनचा पीस (गाण्यामधला वाद्याचा तुकडा) जिथे संपतो तिथेच आपला संपला पाहिजे, बासरीची मुरकी चुकली की समोरचा प्रेक्षक लगेच मान हलवतो. डोंबिवली-कल्याणच्या हॉलमध्ये मी वर्षानुवर्षं हेच केलं आणि त्यानं हात तयार झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता आम्ही चौघं शनिवारी संध्याकाळी ठाण्यात जुनी इंग्रजी पॉप गाणी वाजवतो, आणि तिथे तो मंत्र निरुपयोगी आहे. हुबेहूब गाणं प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. ते आमच्याकडून ऐकायला कोण कशाला येईल?

खाली जे लिहितोय ते गिटारवर किंवा कीबोर्डवर चार कॉर्ड जमणाऱ्या आणि सुरात गाता येणाऱ्या माणसासाठी आहे. वाद्यवृंदाची गरज नाही.

आधी गाणं निवडा, आणि निवडताना आवड थोडा वेळ बाजूला ठेवा. एक साधी परीक्षा घ्या: नुसत्या एका वाद्यावर कॉर्ड धरून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गा. पीस नाहीत, ड्रम नाहीत, कोरस नाही. मध्येच कंटाळा आला तर समजा, त्या गाण्याची जादू रेकॉर्डिंगमध्ये होती, चालीत नव्हती. अशी गाणी ऐकायला छान असतात, बसवायला घेऊ नयेत. बीटल्सचं ‘येस्टरडे’ या परीक्षेत डोळे मिटून पास होतं, कारण १९६५ साली ते रेकॉर्ड झालं तेव्हाच त्यात मॅकार्टनीचा आवाज, एक गिटार आणि चार तंतुवाद्यांपलीकडे काही नव्हतं. बाकीचे तीन बीटल्स त्यात नाहीतच. साठच्या दशकातल्या पुष्कळ गाण्यांचं असंच आहे, आणि त्याला कारण आहे. न्यूयॉर्कमध्ये संगीत प्रकाशकांच्या कचेऱ्या असलेल्या ब्रिल बिल्डिंगच्या आसपास पियानो घेऊन बसलेली कॅरोल किंगसारखी मंडळी गाणी लिहायची ती दुसऱ्यांना विकायला. नुसत्या पियानोवर ऐकवलेलं गाणं समोरच्याला पटलं तरच ते पुढे जायचं. चाल आणि शब्द आपल्या पायावर उभे राहतील अशीच ती घडलेली. साठ वर्षांनी आपल्यालाही ती पेलतात ती म्हणूनच.

गाणं ठरलं की त्याची किमान तीन रूपं ऐका आणि पहिलं रूप कुणाचं ते शोधा. तुम्ही ज्याला मूळ समजता ते बऱ्याचदा दुसरं किंवा तिसरं असतं. ‘रेड रेड वाइन’ म्हटलं की आपल्याकडे यूबी-४० या ब्रिटिश बँडचं १९८३ चं रेगे (जमैकाच्या ठेक्यातलं) रूप आठवतं. त्या मंडळींनी टोनी ट्राइबचं १९६९ चं रेगे रूप ऐकून ते केलं, आणि गाणं मुळात नील डायमंडचं आहे हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं. नील डायमंडचं ऐकलंत तर ठेका सोडा, मूडच वेगळा आहे, एकट्यानं बसून रडण्याचा. ‘हालेलुया’चीही गंमत तशीच. लेनर्ड कोहेननं ते १९८४ मध्ये काढलं तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही. १९९१ मध्ये जॉन केलनं कोहेनकडून कडव्यांचा ढीग मागवून घेतला, त्यातली हवी ती निवडली आणि नुसत्या पियानोवर गायलं. जेफ बकलीनं १९९४ मध्ये जे गायलं ते केलचं ऐकून. आज टॅलेंट शोमध्ये पोरं-पोरी गातात ते बकलीचं. तीन रूपं शेजारी ठेवली की काय बदललं तरी चालतं आणि कशाला कुणी हात लावलेला नाही, हे आपोआप दिसतं. ज्याला कुणीच हात लावलेला नाही तो गाण्याचा कणा.

आता तो कणा वहीत उतरवा. फोनवरच्या तयार कॉर्डच्या साइटवर विसंबू नका, तिथे निम्मं चुकीचं असतं. एका ओळीला एक रेघ, रेघेवर शब्द, शब्दावर कॉर्ड, आणि बार (ठेक्याचं एक आवर्तन) मोजून आकडा. मोजणं कंटाळवाणं वाटतं, पण गाणं खरं कळतं ते तिथेच. ‘येस्टरडे’चं कडवं मोजा: सात बार. पॉपमध्ये चार, आठ, सोळा अशी सम संख्या असते आणि हाताला तीच सवय असते. नवा ड्रमर आला की तो हमखास आठवा बार वाजवतो, आणि गायिका पुढची ओळ सुरू करून मोकळी झालेली असते. तो कापलेला बार चूक नाही. गाणाऱ्याला थांबवत नाही म्हणून ती चाल अशी घरंगळत पुढे जाते. आठवा बार भरून गाणं ‘नीट’ करणारे पाहिलेत मी, गाणं तिथेच बसकण मारतं.

‘हालेलुया’च्या पहिल्या कडव्यात तर कवी स्वतःच कॉर्ड सांगत जातो. शब्द चौथ्या आणि पाचव्याचा उल्लेख करतात तेव्हा खाली खरंच पट्टीतल्या चौथ्या आणि पाचव्या सुरावरची कॉर्ड वाजते, मायनर म्हटलं की मायनर येते, मेजर म्हटलं की मेजर. सी पट्टीत वाजवून पाहा: एफ, जी, ए मायनर, एफ. कॉर्ड बदलायचा मोह झाला तर या ओळीत तरी आवरा, नाहीतर शब्द एक सांगतायत आणि हात दुसरंच, असा विनोद होतो.

पट्टीबद्दल एकच सांगतो, पण ते कान देऊन ऐका. मूळ गायकाची पट्टी ही त्याच्या गळ्याची सोय होती, गाण्याचा नियम नव्हे. गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर शोधा, दोन्ही तुमच्या गळ्याला आरामात लागतील तिथे सा धरा. आमच्याकडे गाणारी मुलगी अकरावीपासून गातेय. तिला ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ व्हिटनी ह्यूस्टनसारखंच हवं होतं. त्या १९९२ च्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीला वाद्य नाहीच, नुसता गळा, आणि शेवटाकडे एक क्षण सगळं थांबून ड्रमचा एक ठोका पडतो आणि गाणं पांढरी सहावरून पांढरी सातवर, म्हणजे पेटीच्या पुढच्या पांढऱ्या पट्टीवर, चढतं. तो चढ घेताना हिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

‘‘काका, ओरिजिनलमध्ये असंच आहे,’’ ती म्हणाली.

‘‘ओरिजिनल डॉली पार्टनचं, १९७४ चं. त्यात ती शेवटचं कडवं गात नाही, चक्क बोलते.’’

तिनं ते घरी जाऊन ऐकलं. पुढच्या रिहर्सलला आली ती पट्टी दोन सूर खाली घेऊन, चढ काढून टाकून, आणि शेवटचं कडवं हळू आवाजात बोलत. टेबलांवरचे चमचे थांबतात त्या जागी. व्हिटनीच्या सुरांशी स्पर्धा करायला गेली असती तर लोकांनी फक्त तुलना केली असती.

इथपर्यंत तयारी. आता बदल. माझा नियम: मोठा बदल एकच. ठेका बदला, किंवा लय बदला, किंवा बोलणारं माणूस बदला. तिन्ही एकदम बदललंत तर ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही. बंदिश तीच ठेवून प्रत्येक घराण्याचा गवई ती आपल्या अंगानं मांडतो तसं आहे हे, फक्त इथे आपल्याला तीन-चार मिनिटंच मिळतात.

ठेक्यापासून सुरू करा, तो सगळ्यात सोपा आणि परिणामही सगळ्यात मोठा. बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ (१९६७) हे चार मात्रांचं, डुलत चालणारं, रिंगोच्या साध्या गळ्याला बेतलेलं हसरं गाणं आहे. शेवटचा उंच सूर सोडला तर चाल जेमतेम पाच सुरांत फिरते. जो कॉकरनं पुढच्याच वर्षी तेच गाणं संथ सहा मात्रांत घेतलं. आपला दादरा ज्याच्या हाताला आहे त्याला तो झोका लगेच कळेल. चारचं सहा झाल्याबरोबर प्रत्येक शब्दाला जागा मिळाली, त्या जागेत कॉकरची आर्त हाक आली, कोरस आला, ऑर्गन आलं. मित्रांच्या गमतीचं गाणं एकदम बुडत्याचा धावा झालं. उलटा प्रवासही होतो. एल्व्हिसचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ (१९६१) झुलत्या सहाचं, आणि ती चाल तरी कुठे त्याची? ती अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच प्रेमगीतावरून घेतलेली. यूबी-४० नं १९९३ मध्ये ते चारच्या रेगेत बसवलं. तुम्ही घरी करून पाहा: मेट्रोनोम बंद, मांडीवर आधी धा धी ना, धा ती ना धरा आणि कुठलंही चारचं गाणं त्यावर म्हणा. सगळी गाणी बसत नाहीत. जी बसतात ती वहीत वेगळी लिहून ठेवा.

लयीचं उदाहरण कॅरोल किंगकडेच आहे. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ तिनं आणि जेरी गॉफिननं लिहिलं, १९६० मध्ये शिरेल्स या मुलींच्या ग्रुपनं ते ठसक्यात, व्हायोलिनांसह गायलं. १९७१ मध्ये तिनं स्वतः पियानोवर बसून ते कितीतरी संथ केलं. शब्द तेच, पण आधीच्या रूपात प्रश्न विचारणारी मुलगी उत्तराची वाट पाहतेय, आणि नंतरच्या रूपातल्या बाईला उत्तर माहीत आहे. लय कमी करताना एकच सांभाळा: लय उतरली म्हणून रिकाम्या जागा भरू नका. कीबोर्डवाले (मी धरून) अशा जागी तारांचा पॅच (व्हायोलिनांसारखा तयार आवाज) लावून गाण्यावर गोधडी घालतात. नको.

बोलणारं माणूस बदलणं हे सगळ्यात अवघड, पण जमलं तर गाणं तुमचं होऊन जातं. ओटिस रेडिंगनं ‘रिस्पेक्ट’ १९६५ मध्ये लिहून गायलं. त्यात कामावरून घरी येणारा पुरुष मान मागतोय. अरीथा फ्रँकलिननं १९६७ मध्ये तोच मान बाईच्या तोंडून मागितला, त्या शब्दाची अक्षरं सुटी करून ठणकावली, मागे बहिणींचा कोरस लावला आणि मूळ गाण्यात नव्हता असा सॅक्सोफोनचा तुकडा मध्ये घातला. रेडिंगनं त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या पॉप जलशात, ते गाणं एका मुलीनं आपल्यापासून हिरावून नेलं, अशा अर्थाचं हसत सांगितलं होतं. तुमच्या गाण्यात बाई बोलतेय की बाप, वीस वर्षांचं पोर की सत्तरीतला, हे ठरवा आणि मग एक-दोन शब्द बदलावे लागतात का ते पाहा. जॉनी कॅशनं २००२ मध्ये ‘हर्ट’ गाताना एकच शिवराळ शब्द बदलून तिथे काटे आणले, आणि नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या तरुणाचं १९९४ चं गाणं सत्तरीच्या म्हाताऱ्याचं झालं. मूळ गाण्यात गिटारचा एक सूर मुद्दाम खटकणारा आहे. कॅशच्या गिटारीत तो नाही, साध्या कॉर्ड आहेत, आणि शेवटाकडे पियानोचा सूर ठोकत ठोकत वाढत जातो. बस, एवढंच.

पीसचं काय, हे विचारणारच तुम्ही. बहुतेक सगळे काढा. पण जो पीस लोक तोंडानं म्हणतात तो काढलात तर शिव्या खाल. ‘टेंटेड लव्ह’ ग्लोरिया जोन्सनं साठच्या दशकात गायलं, सॉफ्ट सेलनं १९८१ मध्ये त्याची लय आणि पट्टी उतरवून ते सिंथेसायझरवर आणलं, पण ओळीमागून येणारे ते दोन ठोके त्यांनी सोडले नाहीत. आमचा बासवाला मडगावचा. तो म्हणतो, ‘‘बाकी कितेंय कर रे, ते दोन मार.’’ खरं आहे. ते दोन वाजले की मागच्या टेबलावरचाही वळून बघतो.

उच्चारांबद्दल थोडक्यात: अमेरिकन होऊ नका. आपल्या तोंडची इंग्रजी स्वच्छ म्हणा, फक्त ओळीतला जोर कुठल्या शब्दावर आहे ते गायच्या आधी बोलून पक्कं करा.

स्टेजवर वाजवणार असाल तर त्या जागेकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना आहे का, ते मालकाला विचारा. तो त्यानं घ्यायचा असतो. रेकॉर्ड करून बाजारात आणायचं असेल तर प्रकरण वेगळं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ३१-सी आलं. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली की हक्कदाराला आधी नोटीस देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून कव्हर (त्याच गाण्याचं आपलं नवं रेकॉर्डिंग) काढता येतं. ती रॉयल्टी दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरतात, त्यामुळे घरगुती ग्रुपला ते झेपत नाही. आणि गंमत अशी की या कलमाखाली चाल-शब्दांत हक्कदाराच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही, तांत्रिकदृष्ट्या गरजेचा असेल तेवढाच चालतो. म्हणजे वर सांगितलेले उद्योग करायचे तर सरळ प्रकाशकाला लिहून संमती मागितलेली बरी. ऑनलाइन टाकताना मूळ गीतकार-संगीतकाराचं नाव लिहा, पण नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका.

पैशांचंही सांगून ठेवतो. कव्हरच्या लेखनाची रॉयल्टी मूळ लिहिणाऱ्याला जाते. सॉफ्ट सेलनं ‘टेंटेड लव्ह’च्या सिंगलच्या (एका बाजूला एक गाणं अशा छोट्या रेकॉर्डच्या) दुसऱ्या बाजूलाही दुसऱ्याचंच गाणं घातलं, आणि इतकं गाजूनही लेखनाचा पैसा दोन्ही बाजूंनी बाहेर गेला. कव्हर काढणार असाल तर जोडीला स्वतःचं एक गाणं तयार ठेवा, कसंही असलं तरी.