मांजरीला फळ द्यावे का?

उन्हाळ्यात खंडेराव मार्केटमधून आणलेले खरबूज, ज्याला आपण बडोदेकर सर्रास टेटी म्हणतो, चिरायला घेतले की मांजर हटकून जवळ येते. मात्र तिला गोड चव कळतच नसल्याने ती येते ती बहुधा वासामुळे. मांजर मूलतः मांसाहारी असल्याने फळाची तिला गरज नसते, तरीही द्यायचेच असल्यास साल व बिया काढून वाटाण्याएवढे एक-दोन तुकडे द्यावेत, आणि असा सगळा वरचा खाऊ मिळून दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. सफरचंद, केळे, कलिंगड यांनाही हाच नियम लागू आहे. आंब्याची साल व कोय दूर ठेवावी.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मात्र अजिबात देऊ नयेत, कारण त्यांनी मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे आपल्या घरांत नेमके इथेच विसरले जातात. लिंबू-संत्र्याच्या सालीतील तेलही अपायकारक असते. मधुमेही मांजरीला पशुवैद्यांना विचारल्याशिवाय कोणतेच फळ देऊ नये. नवे फळ दिल्यावर उलटी किंवा जुलाब झाल्यास ते लगेच बंद करावे. द्राक्ष पोटात गेले असल्यास लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.